आजी, मलापण दे ना करायला!

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरातली आजी, नातवंडं आणि हातातलं विणकाम-भरतकाम याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं भरपूर आली. आज्यांची आली, सुनांची आली, एका बाबांचं आलं आणि दोन नातींची पण आली, त्यामुळे मला फार बरं वाटलं. सगळी घेता येणार नाहीत, काही निवडलीत.

प्रश्न : मुलगा-सून दोघं नोकरीला जातात, नात पाच वर्षांची आणि नातू दोनचा, दिवसभर माझ्याजवळ असतात. मुलं गोड आहेत, तक्रार काहीच नाही. पण आधी मी रोज काहीतरी करायचे, भरतकाम, क्रोशा, आता सुई हातात घेतली की धाकटा येऊन दोरा ओढतो. सगळं पेटीत बंद करून ठेवलंय. कुणाला सांगितलं की म्हणतात आता नातवंडांत रमा. रमतेच आहे हो, पण हात शिवशिवतात. — एक आजी

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे ती पेटी खाली काढा. नातवंडांत रमायचं तर सुई ठेवून द्यायची असा काही नियम नाहीये, आणि जे लोक असं म्हणतात ते प्रेमाने म्हणत असतील पण त्यांना हात शिवशिवणं म्हणजे काय ते माहीत नसतं. मुलं झोपल्यावर करू असं ठरवलंत तर ते कधीच होणार नाही, कारण मुलं झोपली की पसारा, कपडे, भांडी सगळं तुमची वाटच बघत असतं. म्हणून मुलं जागी असताना, त्यांच्यासमोरच करा.

फक्त काम कुठलं ते बघून घ्या. धारदार सुईचं भरतकाम दोन वर्षांचं पोर जवळ असताना नकोच, ते संध्याकाळसाठी. दिवसा क्रोशा घ्या, जाड दोरा आणि जाड हूक. यामागे कारण आहे. विणकामाच्या सुयांवर एका वेळी पन्नास-साठ टाके उघडे असतात, पोराने सुई ओढली की सगळे सुटतात आणि आपला जीव जातो. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. उठायचं झालं तर तो फास जरा लांब ओढायचा, त्यात एक टाका-पिन, म्हणजे टाका धरून ठेवणारी छोटी पिन, अडकवायची, हूक खिशात टाकायचा आणि उठायचं, परत येऊन तिथूनच सुरू. फार तर चार टाके उसवतील, ते परत करायला किती वेळ लागतो?

धाकट्याला दोरा हवा असतो कारण तो तुमच्या हातात आहे. त्याला स्वतःची एक टोपली द्या, त्यात कापडाचे रंगीत तुकडे, त्याच्या मुठीत मावणार नाहीत एवढे मोठे कापडी चेंडू, जुना मऊ मोजा, असं काहीतरी. लांब दोरा नको, तो गळ्याभोवती नाहीतर बोटाभोवती गुंडाळला जातो. बटणं, मणी, टिकल्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या आसपास नकोतच, आणि ते छोटे गोल चपटे सेल असतात ना, वाजणाऱ्या किंवा उजेड पडणाऱ्या खेळण्यांतले, ते तर अजिबात नको, गिळले गेले तर काही तासांत अन्ननलिका आतून जळते. पाच वर्षांच्या नातीला जाड पुठ्ठ्यावर पंचिंग मशीनने भोकं पाडून द्या आणि बुटाची लेस द्या ओवायला, तासभर तरी बसेल.

आणि एक काम मुलाशी-सुनेशी बोलायचं. ते घरी आले की एक तास तुमचा. रागावून सांगू नका, रडूनही सांगू नका, नुसतं सांगा की साडेसातपासून साडेआठपर्यंत मी भरतकामाला बसते, मुलं तुमच्याकडे. त्या तासात दुसऱ्या खोलीतून आजी आजी ओरडा झाला तरी उठायचं नाही. पहिले काही दिवस जड जाईल. पण मुलांना आपली आजी स्वतःचं काहीतरी करणारी बाई आहे हे दिसायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. मुलांना मुद्दाम शिकवायला बसवलं की ती पळतात, आपण आपलं करत बसलो की हळूच येऊन मांडीला टेकतात, हे मी माझ्या घरात रोज बघते.

प्रश्न : नात सहा वर्षांची आहे, स्वतःच म्हणते मला विणायला शिकव, मग सुया दिल्या की दहा मिनिटांत फेकून देते. शिवाय ती डावखुरी आहे, मला कळत नाही तिला कसं दाखवू. — नातीची आजी

उत्तर : सुया आत्ता नकोतच. सहाव्या वर्षी दोन हातांत दोन सुया, त्यात दोरा, त्यात टाका निसटू नये म्हणून लक्ष, हे बऱ्याच मुलांना झेपत नाही, बोटंच तेवढी तयार नसतात. काही मुलं झटकन शिकतात पण सात-आठ वर्षांनंतर सोपं जातं.

तोपर्यंत बोटांवरचं विणकाम शिकवा. तिचा एक हात पंजा वर करून धरायचा, लोकरीचं टोक अंगठ्याशी दाबायचं, मग लोकर एका बोटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या पुढून अशी करंगळीपर्यंत न्यायची आणि करंगळीला वळसा घालून तशीच उलट परत आणायची. हे परत एकदा केलं की प्रत्येक बोटावर दोन दोन वेढे होतात. आता खालचा वेढा वरच्या वेढ्यावरून उचलून बोटाच्या मागे टाकायचा, चारही बोटांवर. झाली एक ओळ. मग परत एकदा गुंडाळा, परत खालचे वेढे वरून टाका. हाताच्या मागून दोरी उतरायला लागते ना, ते बघताना मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या दोरीचं पुढे बाहुलीचं अंथरूण होतं, केसांचा बँड होतो, गोल गोल शिवून कपाखाली ठेवायची चकती होते. नाहीतर काहीच करू नका, नुसती लांब लांब होऊ द्या, या वयात लांबीचंच कौतुक असतं.

सुया द्यायची वेळ येईल तेव्हा लाकडी द्या, आखूड द्या, 5 किंवा 6 मिलिमीटर जाडीच्या. स्टीलच्या गुळगुळीत सुयांवरून टाके घसरतात. लोकर जाड, साधी आणि फिक्या रंगाची. काळी, गडद निळी, केसाळ असली काही नको, त्यात टाका दिसतच नाही आणि पोरीला वाटतं आपल्यालाच येत नाही. बारा-पंधरा टाके तुम्ही घालून द्या आणि पहिल्या दोन-तीन ओळीही तुम्हीच विणा, कारण सगळ्यात अवघड पहिलीच ओळ असते. आणि फक्त सुलट, दोन्ही बाजूंनी सुलटच. त्याने आडव्या रेघांचं जाड कापड होतं आणि ते सपाट राहतं. एक ओळ सुलट एक उलट केलं तर कडा गुंडाळतात आणि मूल म्हणतं माझं बिघडलं.

डावखुऱ्या मुलीला शेजारी नाही, समोर बसवा. तुमचा उजवा हात तिला आरशात दिसावा तसा तिच्या डाव्या हाताच्या समोर येतो, ती बघून बघून करते. क्रोशाला हे हमखास चालतं. विणकामात दोन्ही हातांना काम असतं त्यामुळे बरीच डावखुरी मुलं उजव्या हाताने शिकूनही छान विणतात, तिला दोन्ही करून बघू दे, ती ठरवेल.

हो, आणि तुम्ही व्हिडिओ बघून सामान घेत असाल तर सुयांच्या नंबरवर जाऊ नका. आपण वापरतो त्या जुन्या ब्रिटिश नंबरात 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, आणि अमेरिकन व्हिडिओतला 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन वाढला की जाड. मिलिमीटर विचारा, भांडणच नाही.

प्रश्न : मी अकरा वर्षांची आहे. माझी आजी खूप छान विणते आणि मला शिकवते पण मी केलेलं तिला आवडत नाही. मी रात्री मफलर केला की सकाळी तो उसवलेला असतो आणि ती म्हणते चुकलं होतं म्हणून नीट करून ठेवलंय. मला राग येतो पण आजीला कसं सांगू? — एक नात

उत्तर : बाळा, तुझा राग अगदी बरोबर आहे. आजीला असंच सांग जसं मला लिहिलंस. म्हण, आजी, चुकलेलं मला दाखव पण उसवू नकोस, उसवायचं की ठेवायचं ते मी ठरवणार. हे म्हणताना तिच्या शेजारी बसून म्हण, तिच्या हातात काम असताना म्हण, तेव्हा माणसं शांत असतात.

आणि टाका सुटला तर स्वतः वर आणायला शीक, मग आजीला हात लावावाच लागणार नाही. क्रोशाचा हूक घे, सुटलेल्या टाक्यात खालून घाल, त्याच्या वरची आडवी रेघ हुकात पकडून टाक्यातून बाहेर ओढ, मग त्याच्या वरची रेघ, मग त्याच्या वरची, असं शिडी चढल्यासारखं सुईपर्यंत. एकदा जमलं की टाका सुटायची भीतीच जाते.

आता या मुलीच्या आजीला आणि बाकी सगळ्या आज्यांना माझी कळकळीची विनंती. रात्री मूल झोपलं की त्याचं काम उसवून नीट करायचं नाही. आपण मायेनेच करतो हे मान्य. पण मूल सकाळी उठून बघतं तर त्याचं काम गेलेलं असतं, आणि त्या जागी जे सुंदर सरळ विणलेलं असतं ते त्याचं नसतं. वाकडा मफलर ते पोर अभिमानाने सगळ्यांना दाखवेल, तो वाकडाच राहू दे. त्याने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपलं विणा.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा. आजीच्या नादाने क्रोशा करायला लागलाय, डबाभर छोटे प्राणी केलेत. मला काही प्रॉब्लेम नाही पण शाळेत चिडवतील याची काळजी वाटते. मला तो विषय काढावा का? — एक बाबा

उत्तर : तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका. चिडवतील म्हणून आपणच आधी घरात थांबवायचं हे मला पटत नाही, कारण मग चिडवणाऱ्याचं काम आपण केल्यासारखं होतं. युरोपात काही शतकांपूर्वी सुयांवर विणणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटना होत्या त्या पुरुषांच्याच होत्या. जर्मनीत 1919 मध्ये हस्तकलेवर भर देणारी पहिली वॉल्डॉर्फ शाळा सुरू झाली तेव्हापासून तिथे मुलगे-मुली सगळ्यांनाच विणकाम शिकवतात. आणि अगदी ताजं हवं असेल तर टोकियो ऑलिंपिकमधला ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली, 2021 ची गोष्ट, सुवर्णपदक जिंकलं आणि नंतर प्रेक्षकांत बसून विणत होता, पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पदकासाठी छोटी पिशवीसुद्धा विणली. तो फोटो मुलाला दाखवा, कारण न सांगता दाखवा.

डबाभर प्राणी म्हणजे त्याचा हात बसलाय. आता त्याला एखादा जरा अवघड प्राणी करायला दोरा आणून द्या, आणि स्वतः त्याच्याजवळ बसून एक साखळी घालून बघा, खुश होईल.

प्रश्न : सासूबाई मुलासाठी दर थंडीत स्वेटर विणतात, महिनाभर बसतात, आणि हा घालतच नाही. टोचतो म्हणतो, गळ्यातून जात नाही म्हणतो, ओरडतो. त्यांना वाईट वाटतं, मला मध्ये सापडल्यासारखं होतं. मुलगा चार वर्षांचा आहे. — एक सून

उत्तर : अगं, मुलगा खोटं बोलत नाहीये आणि सासूबाईंची मायाही खोटी नाही, गडबड लोकरीत आणि गळ्यात आहे. लोकरीचा तंतू जाड असला, साधारण 30 मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), की त्याचं टोक कातडीवर वाकत नाही, टोचतं. मेरिनो लोकर मऊ लागते कारण तिचा तंतू साधारण 24 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. दुकानात लोकर हाताला मऊ लागली म्हणून घेऊ नका, हाताची कातडी राठ असते, मानेला लावून बघा, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला. टोचणारे स्वेटर झालेत ते टाकू नका, आतून सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उंच कॉलर, म्हणजे लोकर कातडीला लागत नाही.

गळ्याचं म्हणशील तर लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण 46 सेंटिमीटर आणि छातीही जवळपास तेवढीच. मोठ्यांच्या मापाच्या हिशोबाने गळा काढला की अडकणारच, आणि डोक्यात स्वेटर अडकला, अंधार झाला की चार वर्षांचं मूल घाबरतं, मग तो स्वेटर दिसला तरी पळतं. सासूबाईंना सांग, गळ्याचे टाके बंद करताना विणायच्या सुईपेक्षा दोन मापं जाड सुई घ्या म्हणजे कड सैल पडेल, किंवा एका खांद्यावर बटणपट्टी ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे पुढून उघडा.

पण खरं तर पुढच्या वेळी सुरुवातच वेगळी करा. लोकर घ्यायला मुलाला बरोबर न्या, रंग त्याला निवडू दे, भडक निवडला तरी तोच घ्या. विणताना मधे मधे अंगाला लावून बघा, त्याला एखादी ओळ मोजू दे. स्वतः निवडलेला, वाढताना बघितलेला स्वेटर मूल सहसा नाकारत नाही.

प्रश्न : घरात नवीन बाळ येणार आहे, काय काय विणू? — होऊ घातलेली आजी

उत्तर : अभिनंदन! विणा, भरपूर विणा, पण थोडं सांभाळून. शाल-ब्लँकेट विणलंत तर नक्षी बंद घ्या, मोठ्या जाळीत बाळाची बोटं अडकतात. ते मांडीवर असताना पांघरायला, झोपवताना पाळण्यात सोडू नका, पहिलं वर्षभर झोपेत बाळाजवळ सैल मऊ काहीच नसावं असं डॉक्टर सांगतात. टोपीला लांब नाड्या नकोत, गोंडा नको, प्राण्याचा चेहरा केलात तर बटणाचे डोळे नकोत, डोळे दोऱ्याने भरा. मोजे झाले की उलटे करून आतून बघा, रंग बदलताना आतल्या बाजूला सैल दोरे राहतात ते पायाच्या बोटाला गुंडाळले जाऊ शकतात आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. आणि जन्मल्या जन्मल्या बसेल एवढं छोटं एखादंच करा, बाकी सहा महिन्यांच्या मापाचं.

प्रश्न : माझी आजी गेल्या वर्षी गेली. कपाटात तिची पिशवी सापडली, त्यात माझ्यासाठी विणत असलेला स्वेटर, पुढचा भाग आणि मागचा अर्धा, सुई तशीच टाक्यात. मला विणता येतं पण तिच्यासारखं नाही. पूर्ण करू का तसाच ठेवू? हात लावायला भीती वाटते. — एक नात

उत्तर : तुझं पत्र परत परत वाचलं गं. करायचा की ठेवायचा हे मी सांगणार नाही, दोन्ही चालेल आणि घाई तर अजिबात नाही. पण काही गोष्टी आत्ताच कर म्हणजे पुढे कधीही ठरवलंस तरी दार उघडं राहील.

आधी सुई ओढू नकोस. बोथट टोकाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओव आणि आजीच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो ओवून घे, टोकं लांब ठेव, मग सुई निसटली तरी एकही टाका उसवणार नाही. सुई लोखंडी असेल आणि गंज धरला असेल तर तेवढी काढून घे, पण जाडी मोजून लिहून ठेव. लोकरीला कसर लागलीय का बघ, बारीक भोकं, जाळ्यासारखं काही. शंका आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेव, अळ्या-अंडी मरतात. पिशवीत गुंड्यावरची कागदी पट्टी असेल तर ती जप, त्यावर रंगाचा नंबर आणि डाय लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, असतो. तोच नंबर असला तरी लॉट वेगळा असेल तर रंगात फरक दिसतोच.

पूर्ण करायचं ठरवलंस तर आजीच्या तुकड्यावर 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोज. मग दुसऱ्या लोकरीवर, तशाच जाडीच्या, त्याच सुईने एक चौकोन विण आणि तुझे मोज. तुझे टाके कमी भरले तर तुझा हात सैल आहे, थोडी बारीक सुई घे. जास्त भरले तर जाड. एवढं करूनही आजीचं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं ते जवळून बघणाऱ्याला कळेलच. मला विचारशील तर ते कळू दे. लोकर पुरली नाही तर बाह्या सरळ वेगळ्या रंगात कर, ओढूनताणून जुना रंग शोधत बसू नकोस. पुढचा भाग बघून काखा आणि गळ्याचं माप मिळेलच, त्यातले टाके मोजले की आजीने कसं घटवलंय ते समजतं, तिने तुला हिशोब ठेवलाय म्हण ना.

प्रश्न : नातवाचा लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात मशीनमध्ये धुतला गेला. एवढासा झालाय आणि पुठ्ठ्यासारखा घट्ट. काही करता येईल? — एक आजी

उत्तर : मूळ माप परत येणार नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. पण आता ते नमदा, म्हणजे फेल्ट, झालंय, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे कात्रीने कापलं तरी उसवत नाही. नातवाला विचारा, हो म्हणाला तर त्यालाच त्यावर खडूने प्राणी काढू द्या, तुम्ही कापा, आणि जाड बोथट सुईने त्याला कडेने धावदोरा घालू द्या, आत कापडाच्या चिंध्या भरा. सुईच्या पहिल्या शिवणकामासाठी याहून सोपं कापड मला तरी माहीत नाही. बाह्यांमधून हातमोजे निघतील.

पुढच्या वेळी लोकर गार पाण्यात, चोळायची नाही, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं.